पाखराच्या पुढे

रात्रभर काळ्या समुद्रावर पाऊस होता.
बाबा म्हणाले, थांबला की तासाभरात येतील.
ते रेडिओवरचं हवामान ऐकत नाहीत,
गुडघ्याला हात लावून बघतात.

टेकडीवरचा आडोसा त्यांचाच.
नेचे, बीचच्या फांद्या, फाटकी ताडपत्री
आणि बसायला जुन्या ट्रकच्या सीटचा तुकडा.
तीस वर्षं त्यांनी इथून बंदुकीने टिपले
मधुबाज, घारी, भोवते,
एका सकाळी म्हणे अठ्ठावीस.
आईने रस्सा केला, गल्लीभर वाटला.
आता इथे मी बसते.
दोन मोसमांच्या हेझलनटच्या पैशांची लेन्स
बाबांच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली,
काच गारठू नये म्हणून.

सुरुवातीला माझ्या फोटोंत नुसत्या शेपट्या यायच्या.
शेपटी, नखं, कधी निव्वळ ढग.
बाबांनी एकेक पाहिला, पोटभर हसले,
मग म्हणाले, गोगो, तू पाखरावर नेम धरतेस.
पाखरावर धरू नये.
ते जिथे जाणार, तिथे आधी जाऊन थांबावं.
हे सांगताना त्यांचा डावा हात
आपसूक पुढे सरकला होता,
हवेतच एक नळी पेलत.

साडेदहाला दरीतलं धुकं वर निघालं
आणि धुक्यामागोमाग ते.
आधी तिघं, मग मोजता येईनात.
पलीकडच्या टेकडीवर परदेशी पोरं
आकडे टिपून घेत होती, एकमेकांना ओरडून सांगत.
मी आकड्यांच्या वाटेला जात नाही.
मला एकच हवा असतो,
खालून येणारा, दमलेला,
ज्याला वर चढायला पुरेसं ऊन मिळालेलं नाही.

तो आला.
मक्यावरून, विजेच्या तारांखालून,
इतका जवळ की पंखांचा आवाज आला,
ओली गोधडी झटकावी तसा.
मी पुढे जाऊन थांबले होते.
तो तिथेच आला.
पिवळा डोळा.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाबा चीज आणि मक्याची भाकरी घेऊन वर आले, दम खात.
पडद्यावर तो मोठा करून मी दाखवला.
त्यांनी चष्मा चढवला
आणि डाव्या पंखावर बोट ठेवलं.
मला वाटलं होतं, पिसं झडायचे दिवस.
दोन भोकं, आरपार उजेड,
आणि एक पाय पोटाशी न घेता लोंबणारा.

पाच नंबरचा छर्रा, ते म्हणाले.
खालून, डावीकडून. आजचाच.
बार तर सकाळपासून ऐकू येत होते,
ते आम्ही कुणी मोजत नाही.
शाळेच्या वळणावरून, ते म्हणाले.
त्या वळणावर सकाळी कोण उभं असतं
हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.
त्याच्या लेकीच्या लग्नात बाबा तीन रात्री गायले होते.
'उशिरा दाबतो,' एवढंच पुटपुटले,
'पहिल्यापासून.'

मी विचारलं, जाईल का पलीकडे?
चोरोखी नदीपर्यंत जाईल.
आणि पुढे?
भाकरीचा चुरा ते बोटाने टिपत राहिले,
चुरा संपल्यावरही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात
मी फोटो नीट कापायला घेतला,
पाखरू मधोमध यावं म्हणून.
बाबा बादली घेऊन मागे उभे.
'पुढचं नको कापूस.'
नुसतं आभाळ आहे, बाबा.
'हो ना. त्याला लागेल ते.'
आणि धार काढायला गेले.

मागे, डावीकडच्या कोपऱ्यात,
शाळेचं वळण होतं,
पुसट, आणि त्यात एक निळी जीप.
ते कापू की ठेवू,
हे ते बोलले नाहीत.
गोठ्यातून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता.
मी उठून विचारायलाही गेले नाही.